जो मोरेलो: ‘टेक फाइव्ह’च्या ड्रमरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जो मोरेलो कोण होते?

डेव्ह ब्रूबेक क्वार्टेट या अमेरिकन जाझ चौकडीचे ड्रमर. जन्म 17 जुलै 1928, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात. 1956 मध्ये ते ब्रूबेक यांच्याकडे आले आणि 1967 च्या डिसेंबरात चौकडी विसर्जित होईपर्यंत तिथेच राहिले. पाच मात्रांची ‘टेक फाइव्ह’ ही रचना याच काळात जगभर पोचली. आयुष्यभरात 120 हून अधिक अल्बममध्ये त्यांनी वाजवलं. 12 मार्च 2011 रोजी न्यू जर्सीतल्या अर्व्हिंग्टन इथे, वयाच्या 82 व्या वर्षी ते गेले.

‘टेक फाइव्ह’ ऐकलेल्या बहुतेकांना सॅक्सोफोनची धून पाठ असते, पण मागे ड्रम कोण वाजवतंय हे ठाऊक नसतं. ज्यांना नाव माहीत असतं तेही मोरेलोंना ‘विषम तालांचा उस्ताद’ एवढ्यावरच ओळखतात. मला ही ओळख अपुरी वाटते. पाच किंवा सात मात्रा मोजणारे ड्रमर आज पुष्कळ आहेत. मोरेलोंच्या हाताला जो नाद होता, आणि सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, चालू असताना मधली जागा रिकामी ठेवण्याचं जे धाडस होतं, ते मात्र फार थोड्यांकडे दिसतं. पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात ठेवावं, कारण त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी याच दोन गुणांपाशी येऊन मिळतात.

ते आधी व्हायोलिन वाजवत होते, हे खरं आहे का?

अगदी खरं. जन्मापासून त्यांची दृष्टी अधू होती. बाहेर मैदानात खेळण्यापेक्षा मुलाने घरात रमावं म्हणून आईवडिलांनी संगीताचं बोट धरून दिलं. सहाव्या वर्षी हातात व्हायोलिन आलं आणि तीनच वर्षांनी बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मेंडेल्सन यांच्या व्हायोलिन कन्चेर्टोचे (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचे) एकलवादक म्हणून ते उभे राहिले. बाराव्या वर्षी पुन्हा.

पंधराव्या वर्षी त्यांची यशा हायफेट्स यांच्याशी भेट झाली. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या व्हायोलिनवादकांपैकी ते एक. हायफेट्स यांच्या गजातून निघणारा नाद आपल्याला कधीच साधणार नाही, असं त्या मुलाच्या मनाने घेतलं आणि तो ड्रमकडे वळला. निर्णयाचं कारण ‘नाद’ होतं, हे इथे महत्त्वाचं. वेग, अवघड जागा, प्रसिद्धी यांतलं काही त्याला खुपलं नव्हतं. ड्रमवर आल्यावरही मोरेलो नादाचाच विचार करत राहिले. त्यांचा स्नेअर ड्रम (खाली तारा ताणलेला, खणखणीत वाजणारा ड्रम) नीट ऐकला तर प्रत्येक आघाताचं वजन वेगळं असल्याचं कळतं. आवाज मोठा करण्याआधी तो लहान कसा करायचा, हे त्यांना येत होतं.

ते ड्रम कोणाकडे शिकले?

सुरुवात स्प्रिंगफील्डमध्ये जो सेफसिक यांच्याकडे झाली. नाटकं आणि रंगमंचीय कार्यक्रमांत वाजवणारे ते अनुभवी ड्रमर. त्यानंतर बोस्टनचे जॉर्ज लॉरेन्स स्टोन. ड्रम शिकणाऱ्या कोणालाही हे नाव नवं नसेल. 1935 मध्ये आलेलं त्यांचं ‘स्टिक कंट्रोल’ हे पुस्तक आजही जगभर स्टँडवर उघडलेलं असतं. उजवा-डावा, उजवा-डावा, उजवा-उजवा, डावा-डावा असे साधे दिसणारे पलटे, आणि ते न थकता, न आवळता घोटायचे.

मोरेलोंनी या पलट्यांवर आपल्या मनाने आघाताच्या जागा बदलून पाहिल्या. दिलेल्या धड्यात नसलेले जोर ते भलत्याच ठोक्यावर टाकत. ते पाहून गुरू इतके खूश झाले की त्यांनी त्या कल्पना आपल्या पुढच्या पुस्तकात घेतल्या आणि ‘अ‍ॅक्सेंट्स अँड रिबाउंड्स’ हे पुस्तक मोरेलोंनाच अर्पण केलं. शिष्याच्या रियाजातून गुरूचं पुस्तक वाढावं, ही गोष्ट कुठल्याही घराण्यात अभिमानाने सांगितली गेली असती.

पुढे न्यूयॉर्कमध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलचे बिली ग्लॅडस्टोन यांच्याकडेही ते शिकले. स्नेअर ड्रमवरचा ग्लॅडस्टोन यांचा हलका हात त्या काळी दंतकथेसारखा सांगितला जाई.

न्यूयॉर्कमध्ये जम कसा बसला?

1952 मध्ये ते तिथे गेले. स्प्रिंगफील्डचेच फिल वूड्स (सॅक्सोफोन) आणि साल साल्व्हाडोर (गिटार) हे त्यांचे तरुणपणचे सोबती, दोघंही पुढे नावारूपाला आले. गिटारवादक जॉनी स्मिथ यांच्याबरोबर आणि थोडे दिवस स्टॅन केंटन यांच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवल्यावर 1953 मध्ये पियानोवादक मॅरियन मॅकपार्टलंड यांच्या त्रयीत त्यांना जागा मिळाली. ही त्रयी 52 व्या रस्त्यावरच्या हिकरी हाऊस या क्लबमध्ये रात्रीमागून रात्री वाजवायची. पियानो, डबल बास आणि ड्रम एवढंच. अशा जागी ड्रमर जरा जोरात गेला की पियानो बुडतो. ब्रशवरचं, म्हणजे काठ्यांऐवजी बारीक तारांच्या झुबक्यांनी हलकं वाजवण्याचं, त्यांचं काम इथे घडलं. शहरातले इतर ड्रमर त्यांना ऐकायला हिकरी हाऊसमध्ये येऊन बसत.

याच सुमारास बेनी गुडमन आणि टॉमी डॉर्सी या दोन्ही बड्या बँडप्रमुखांकडून बोलावणं आलं. मोरेलोंनी दोघांनाही नकार दिला आणि ब्रूबेक यांच्याबरोबर दोन महिन्यांचा दौरा स्वीकारला. त्या दोन महिन्यांची अकरा-बारा वर्षं झाली.

पॉल डेसमंड आणि मोरेलो यांचं भांडण होतं का?

सुरुवातीला होतं, आणि चांगलंच होतं.

डेसमंड हे चौकडीचे आल्टो सॅक्सोफोनवादक. अत्यंत तरल, हळुवार सूर. त्यांना मागे ब्रशने शांत लय धरणारा ड्रमर हवा होता. मोरेलोंच्या आधीचे ड्रमर जो डॉज हे काम मनापासून करत. मोरेलोंची अट वेगळी होती. ब्रूबेक यांना ऐकायला गेल्यावर सगळा प्रकाशझोत पियानो आणि सॅक्सोफोनवरच पडतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याला सोलोसाठी जागा मिळणार असेल तरच येतो, असं त्यांनी सांगितलं आणि ब्रूबेक यांनी शब्द दिला.

शिकागोच्या ब्लू नोट क्लबमध्ये ब्रूबेक यांनी तो पाळला. मोरेलोंच्या सोलोनंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि डेसमंड रंगमंचावरून निघून गेले. एक तर तो राहील किंवा मी, इथवर प्रकरण गेलं. ब्रूबेक यांनी मोरेलोंना सोडायला साफ नकार दिला. काही काळ ताण राहिला, मग दोघं एकमेकांचे चांगले मित्र झाले. ब्रूबेक यांच्या या ठामपणाचं मला फार कौतुक वाटतं. डेसमंड हा त्यांच्या चौकडीचा चेहरा होता. तो गेला असता तर नुकसान मोठं झालं असतं, हे माहीत असूनही त्यांनी दिलेला शब्द मोडला नाही.

यातली सुंदर गोष्ट पुढे आहे. ‘टेक फाइव्ह’ या रचनेचे रचनाकार म्हणून नाव आहे ते डेसमंड यांचं, आणि ती रचना मुळात मोरेलोंच्या ड्रम सोलोसाठी केलेली होती.

‘टेक फाइव्ह’मध्ये मोरेलोंचा वाटा किती?

बराच मोठा. कार्यक्रमांत ते पाच मात्रांत सोलो घेऊ लागले होते, श्रोत्यांना ते आवडत होतं. मोकळ्या वेळात, कार्यक्रमाआधी ते पाचाचा ठेका वाजवत बसत आणि डेसमंड त्यावर सूर घोळवत. ब्रूबेक यांनी डेसमंड यांना यावर काहीतरी रच म्हणून सांगितलं. डेसमंड दोन धुना घेऊन आले. त्या जोडून रचना कशी उभी राहील, हे ब्रूबेक यांनी पाहिलं.

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या 30 व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत झालं, निर्माते टिओ मासेरो. 25 जून 1959 ला प्रयत्न झाला पण मनासारखं उतरलं नाही. 1 जुलैला ते जमलं. 2020 मध्ये त्या सुरुवातीच्या फेऱ्यांतल्या काही प्रकाशित झाल्या. त्यांतली ‘टेक फाइव्ह’ जरूर ऐका. ड्रमचा ठेका तिथे वेगळाच आहे, आणि अंतिम ठेका किती विचाराने निथळत आला असेल ते लक्षात येतं.

आता मुद्रित रचनेतला सोलो. पियानो पाच मात्रांचा तोच तुकडा फिरवत राहतो, बासही त्याच्याबरोबर. मोरेलो त्यावर दोनेक मिनिटं वाजवतात. पण भरून टाकत नाहीत. पायाने वाजवायच्या मोठ्या बास ड्रमचा एक ठोका, मग थांबणं. स्नेअरवर लहानसं वाक्य, पुन्हा थांबणं. पियानोचा तुकडा आपल्या कानात चालू असतो, म्हणून शांततेतही मात्रा सुटत नाही. आपल्याकडे लेहरा (तबल्यामागे फिरत राहणारी ठरावीक धून) धरलेला असतो आणि तबलजी सम दाखवायची घाई न करता मधेच हात उचलतो, तसंच काहीसं. त्या काळचे गाजलेले ड्रम सोलो बहुधा वेगावर आणि जोरावर उभे असत. हा सोलो बोलतो, आणि बोलताना श्वास घेतो.

ही रचना असलेला ‘टाइम आउट’ हा अल्बम 1959 च्या अखेरीस आला. सगळ्या रचना नव्या, त्यात विषम ताल, त्यामुळे कंपनीतले विक्री सांभाळणारे लोक साशंक होते. कोलंबियाचे अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन यांनी पाठबळ दिलं. 1961 मध्ये अल्बम बिलबोर्डच्या पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला, ‘टेक फाइव्ह’ची तबकडी 25 व्या क्रमांकापर्यंत पोचली. वाद्यसंगीताच्या, त्यातही पाच मात्रांच्या जाझसाठी ही अपूर्व गोष्ट होती. डेसमंड यांनी मृत्युपत्रात या रचनेचं मानधन अमेरिकन रेड क्रॉसला दिलं.

हा ताल झपतालासारखा आहे का?

हा प्रश्न तबला शिकणाऱ्यांकडून हमखास येतो. नातं आहे, पण सरळ नाही. झपताल दहा मात्रांचा: 2-3-2-3, सहाव्या मात्रेवर खाली (टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा). ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांची आणि विभागणी 3-2. म्हणजे झपतालाचं अर्ध आवर्तन उलटं केल्यासारखं. धी ना धी धी ना असं मनात म्हणत ऐकलं तर जोर चुकीच्या जागी पडतो आणि गोंधळ होतो. आधी तीन, मग दोन असं टाळीवर मोजा, दहा-बारा आवर्तनांत ते अंगात मुरतं. शिवाय खालीची कल्पना इथे नाही, त्यामुळे ताल पुढे ढकलला जातो तो पियानोच्या तुकड्यातल्या झुल्यामुळे.

सात मात्रांची ‘अनस्क्वेअर डान्स’ (1961) ही 2-2-3 अशी चालते. रूपकात तीनचा खंड आधी येतो, इथे शेवटी. या रचनेत टाळ्यांच्या सोबतीला मोरेलोंच्या काठ्यांचा कोरडा, टणक आवाज आहे. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी कोणीतरी हसल्याचं ऐकू येतं ना? ते मोरेलो आहेत. अवघड रचना सुखरूप पार पडल्याचं ते हसू आहे.

ते भारतात आले होते का? मुंबईत वाजवलं होतं का?

हो, 1958 मध्ये. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाझ वादकांना जगभर पाठवायला सुरुवात केली होती. ब्रूबेक चौकडीचा दौरा पोलंड, तुर्कस्तान, भारत, श्रीलंका (तेव्हाचं सिलोन), पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक असा झाला. भारतात मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांत त्यांचे कार्यक्रम झाले.

मुंबईत ब्रूबेक यांची उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याशी भेट झाली आणि दोघांनी एकत्र वाजवलं. खाँसाहेब मुंबईकरच, ‘जाफरखानी बाज’ ही सतारीवरची त्यांची स्वतःची वाट. या भेटीने सुरावट आणि लय यांकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली, असं ब्रूबेक मानत.

मोरेलोंच्या दृष्टीने मोठा प्रसंग मद्रासचा. तिथे आकाशवाणीवर त्यांची गाठ पडली पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याशी. मृदंगातल्या पुदुक्कोट्टै परंपरेतलं हे थोर नाव, आणि ते डावखुरे होते. एक जण कातड्यावर बोटांनी, दुसरा ड्रमवर काठ्यांनी, आणि मधे भाषा म्हणजे फक्त लय. ज्या देशात पाच आणि सात मात्रा लहान मुलं हातावर मोजतात तिथे हा अमेरिकन ड्रमर आला आणि प्रश्नोत्तरात टिकला, याचा आपल्या वाचकांना आनंद वाटायला हवा.

परतल्यावर चौकडीने ‘जाझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ हा अल्बम केला. त्यातल्या ‘कॅलकटा ब्लूज’मध्ये मोरेलो काठ्या बाजूला ठेवून बोटांनी ड्रम वाजवतात. तबल्याची नक्कल केल्यासारखं ते कुठेही वाटत नाही. ‘टाइम आउट’मधल्या विषम तालांची तयारीही या दौऱ्यातच झाली: ‘ब्लू राँडो अ ला टर्क’चा 2-2-2-3 हा नऊचा ठेका ब्रूबेक यांनी इस्तंबूलमधल्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला होता.

चौकडीतल्या कृष्णवर्णीय वादकामुळे कार्यक्रम रद्द झाले, ते काय प्रकरण?

बासवादक यूजीन राइट 1958 मध्ये चौकडीत आले. मोरेलो आणि राइट ही जोडी म्हणजे चौकडीचा पाया. लय विषम असली तरी खालची जमीन हलत नाही, याचं अर्धं श्रेय राइट यांचं. 1960 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या महाविद्यालयांत 25 कार्यक्रम ठरले होते. गोऱ्या वादकांबरोबर कृष्णवर्णीय वादक मंचावर नको, राइट यांच्या जागी दुसरा गोरा बासवादक आणा, असा आग्रह झाला. ब्रूबेक यांनी तो धुडकावला. 25 पैकी 23 कार्यक्रम बुडाले. दोन वर्षांपूर्वी याच चौघांना अमेरिकेने आपल्या लोकशाहीचे दूत म्हणून आपल्याकडे पाठवलं होतं, हे विसरता येत नाही.

त्यांच्या हाताचं तंत्र काय होतं?

ते डाव्या हातात काठी जुन्या पद्धतीने धरत, म्हणजे तळवा वर आणि काठी अंगठ्याच्या बेचक्यात. मुख्य सूत्र स्टोन यांच्याकडून आलेलं: काठी कातड्यावर पडली की ती स्वतःच उसळते, त्या उसळीला आडवं जाऊ नका. मनगट सैल, खांदा सैल, बोटं काठीला फक्त दिशा देतात. डाव्या हाताच्या बोटांनी ते जे एकहाती रोल (सलग, भरभर ठोक्यांची मालिका) काढत, ते पाहून अनुभवी ड्रमरही थक्क होत.

ताकद लावून वेग आणणाऱ्यांना ते कायम सांगत की हात आवळला की नाद मरतो. तबल्याचे गुरुजी ‘हात मोकळा सोड’ म्हणतात ते याहून वेगळं नाही.

त्यांचा सर्वांत चांगला सोलो कोणता?

माझं मत: फेब्रुवारी 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलेला ‘कॅस्टिलियन ड्रम्स’. हाही पाच मात्रांचा. सोलो लांब आहे, पण त्याची बांधणी सुटत नाही. सुरुवातीची कल्पना बारीक होत जाते, काठ्या खाली ठेवून हात येतात, आवाज इतका खाली जातो की भरलेलं सभागृह कान देऊन बसल्याचं ध्वनिमुद्रणातही जाणवतं. मग तोच धागा वर चढत जातो. ‘टेक फाइव्ह’च्या सोलोमध्ये जे दोन मिनिटांत सूचित केलं होतं ते इथे ऐसपैस मांडलं आहे.

1967 नंतर ते कुठे गेले?

शिकवायला. चौकडी थांबली तेव्हा त्यांची चाळिशीही उलटली नव्हती, कोणत्याही बँडने त्यांना डोळे झाकून घेतलं असतं. ते न्यू जर्सीत राहिले, खासगी शिकवण्या घेतल्या, लुडविग या ड्रम कंपनीच्या वतीने देशोदेशी कार्यशाळा केल्या. 1976 मध्ये चौकडीच्या रौप्यमहोत्सवी दौऱ्यासाठी जुने चौघे एकत्र आले. पुढच्याच वर्षी डेसमंड गेले. नंतर मोरेलोंनी स्वतःची लहान मंडळी घेऊन कार्यक्रमही केले. दृष्टी हळूहळू पूर्ण गेली, शिकवणं थांबलं नाही. समोरच्याचा हात कुठे आवळतोय ते त्यांना आवाजावरून कळे.

पॅट मेथिनी ग्रुपचे डॅनी गॉटलिब आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ई स्ट्रीट बँडचे मॅक्स वाइनबर्ग हे त्यांचे विद्यार्थी. एक तरल जाझ-फ्यूजनचा, दुसरा स्टेडियम दणाणून सोडणाऱ्या रॉकचा. दोघांचे हात एकाच ठिकाणी घडले. मोरेलोंच्या आयुष्याचा हा दुसरा भाग लेखांमध्ये दोन ओळींत उरकला जातो. चौकडीतल्या वर्षांच्या कितीतरी पट अधिक काळ त्यांनी शिकवण्यात घालवला, तेव्हा ही वाटणी बरोबर नाही.

पुरस्कार?

‘डाउनबीट’ मासिकाच्या वाचक-कौलांत ते वर्षानुवर्षं अग्रभागी राहिले. 1988 मध्ये ‘मॉडर्न ड्रमर’ मासिकाच्या आणि 1993 मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

ऐकायला कुठून सुरुवात करावी?

‘टाइम आउट’ संपूर्ण ऐका, एकच रचना निवडून नको. मग ‘टाइम फर्दर आउट’, त्यानंतर 1963 चा कार्नेगी हॉलचा अल्बम. तिथून मागे जाऊन मॅरियन मॅकपार्टलंड यांची हिकरी हाऊसच्या काळातली ध्वनिमुद्रणं घ्या. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बास ड्रम आणि ब्रश दोन्ही त्यात हरवतात, आणि मोरेलोंचं निम्मं काम तिथेच असतं.

त्यांची पुस्तकं आज उपयोगी आहेत का? तबला वाजवणाऱ्याला?

ड्रमरला नक्की. ‘मास्टर स्टडीज’ 1983 मध्ये आलं, दुसरा भाग 2006 मध्ये. दोन्हींत गाणी नाहीत, गोष्टी नाहीत. जोराच्या जागा, दुहेरी ठोके, फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी हलका ठोका), लहान-मोठ्या आवाजावरचं नियंत्रण यांचे पलटे आहेत. मेट्रोनोम मंद लावून, एकेक ओळ दोन्ही हातांनी सारखी येईपर्यंत घोटायची. नवशिक्याने आधी ‘स्टिक कंट्रोल’ घ्यावं, मग इकडे यावं.

तबल्याच्या बोटांना यातलं तंत्र जसंच्या तसं लागू होणार नाही. पण जोराच्या जागा सरकवण्याचे धडे कायद्याच्या पलट्यांसाठी वापरून पाहण्यासारखे आहेत: बोल तेच ठेवा, आणि जोर दर आवर्तनाला एकेक मात्रा पुढे न्या. आधी ठाय लयीत, टाळीवर कोणीतरी लय धरून बसलेलं असताना.